‘बक’ शिकवायचा तर सुरुवात ‘ख्वाय’पासून करा : चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी टीचरांसाठी

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिला नुकतेच ऑनलाइन इंग्रजी संभाषणाचे दोन चिनी विद्यार्थी मिळालेत, दोघंही नोकरीवाले, आणि त्यातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात विचारलं की टीचर, बक म्हणजे हरीण, बक म्हणजे डॉलर, मग ‘पास द बक’ म्हणजे डॉलर पुढे सरकवा का? हिने डिक्शनरी उघडली, एकाखाली एक नऊ अर्थ वाचून दाखवले आणि तास तिथेच गार पडला. मी गेली सहा वर्षं नाशिकहून मोठ्या चिनी विद्यार्थ्यांना शिकवते, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की बीजिंगला नऊ वाजतात, माणसं ऑफिस आणि जेवण उरकून दमलेली समोर बसतात आणि त्या वेळी त्यांना अर्थांची यादी अजिबात नको असते. म्हणून हा एक शब्द मी कसा शिकवते ते सगळं इथे लिहून काढतेय, तीन-चार तासांत आरामात बसतो.

माझं म्हणणं एकच आहे. बक हा शब्द त्यांच्याकडे आधीपासून आहे, फक्त त्याचं नाव वेगळं आहे. तिथून सुरू केलं की पुढचं सगळं त्यांचं ते जोडत जातात.

आधी ख्वाय

चीनमध्ये नोटेवर, बिलावर, बँकेत लिहितात युआन. पण भाजीवाल्याकडे कोणी युआन म्हणत नाही, तिथे म्हणतात ख्वाय. ख्वाय म्हणजे खरं तर तुकडा किंवा वडी, साबणाच्या वडीला किंवा मटणाच्या तुकड्यालाही हाच शब्द मोजायला वापरतात. तसंच युआनच्या दहाव्या भागाला लिहिताना च्याओ आणि बोलताना माओ. (मी चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहितेय, रोमनमध्ये बी, डी, जी लिहिलेलं असतं तिथे आपल्या कानाला प, त, क ऐकू येतो, याचा उपयोग पुढे होणार आहे.)

तर पहिल्या पाच मिनिटांत फक्त एवढंच विचारायचं की तुम्ही दुकानात युआन म्हणता की ख्वाय? ते हसतात आणि म्हणतात अर्थातच ख्वाय. मग सांगायचं की डॉलर म्हणजे तुमचा युआन आणि बक म्हणजे तुमचा ख्वाय. झालं! कुठे बोलायचं, कुठे लिहायचं नाही, कोणासमोर चालतो, हे सगळं या एका वाक्यात आलं. ज्या कागदावर ते ख्वाय लिहिणार नाहीत त्या कागदावर बक पण लिहायचा नाही, म्हणजे कोटेशन, करार, इन्व्हॉइस, बँकेची मेल. माझ्या एका विद्यार्थिनीने, निंगबोच्या एका एक्स्पोर्ट ऑफिसात काम करते ती, अमेरिकन ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये किंमत ‘फोर थाउजंड बक’ अशी कळवली होती, तिला वाटलं की खास अमेरिकन शब्द वापरला तर समोरच्याला आपलेपणा वाटेल. ख्वायचं उदाहरण दिल्यावर तिला स्वतःलाच कळलं, मला काही समजावावं लागलं नाही.

आणखी एक, बक फक्त अमेरिकेचा नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही डॉलरला बक म्हणतात, आपल्याकडची कॉलेजची पोरं तर रुपयालाही बक्स म्हणतात. ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र पाउंडसाठी ‘क्विड’ शिकवा.

हरीण कुठून आलं

हा भाग गोष्टीसारखा सांगायचा, अजिबात घाई करायची नाही. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत गोरे व्यापारी आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यातला बराचसा व्यवहार हरणाच्या कातड्यात चालायचा. कॉनरॅड वायझर नावाचा एक दुभाष्या १७४८ साली ओहायोच्या मुलखात फिरत होता, त्याच्या रोजनिशीत ३०० बक्स किमतीचा माल लुटला गेल्याची नोंद आहे, म्हणजे ३०० कातड्यांच्या किमतीचा. अमेरिकन डॉलर कायद्याने आला १७९२ मध्ये. शब्द डॉलरच्या आधीचा आहे, पुढे तो कातड्यावरून डॉलरवर येऊन बसला असं मानतात.

हे सांगितलं की मी विद्यार्थ्याला विचारते, तुमच्याकडे हरणाच्या कातड्याचा पैसा होता का? बहुतेक जण नाही म्हणतात. पण होता! हान घराण्याच्या सम्राट वूने इ.स.पू. ११९ मध्ये पांढऱ्या हरणाच्या कातड्याचा पैसा काढला होता, एक चौरस फुटाचा तुकडा, कडेने रंगीत नक्षी, आणि किंमत ४ लाख नाणी. सरदार-राजेरजवाडे दरबारात भेट द्यायला आले की त्यांना जेडची चकती या कातड्यावर ठेवूनच द्यावी लागे, म्हणजे ते कातडं विकत घेणं भागच. लढायांनी रिकामा झालेला खजिना भरायची ती युक्ती होती. मला हा धागा सापडला तेव्हा फार आनंद झाला होता आणि अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगताना होतो, कारण ज्या शब्दाला तो परका समजत होता तो एकदम त्याच्या घरचा होतो. आपल्यालाही हे नातं जवळचंच आहे की, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असं आपण म्हणतोच, फक्त इथे चमडी हीच दमडी.

बास्केटबॉल बघणारा विद्यार्थी असेल तर आणखी सोपं. मिलवॉकी बक्स या टीमला चिनीत श्युंगलू म्हणतात, म्हणजे नर हरीण, आणि चीनचा यी ज्येनल्येन २००७ मध्ये याच टीमकडून एनबीएत खेळायला लागला, त्यामुळे तिशी-चाळिशीतल्या लोकांना नाव लगेच आठवतं.

उच्चार, आणि बक्स-बॉक्सची भानगड

इथे मात्र थांबायचं, एक अख्खा अर्धा तास द्यायचा. बहुतेक टीचर हे सोडून देतात आणि पुढे सगळ्या वाक्प्रचारांचा बट्ट्याबोळ होतो.

अडचणी तीन आहेत. चिनी प्रमाणभाषेत शब्दाच्या शेवटी न किंवा ङ सोडला तर व्यंजन जवळजवळ येतच नाही, क तर नाहीच. त्यामुळे बकच्या शेवटी ते एक स्वर चिकटवतात. याचा पुरावा त्यांच्या रोजच्या तोंडात आहे, स्टारबक्सचं चिनी नाव शिंगपाख, शिंग म्हणजे तारा आणि बक्सचं झालं पाख, शेवटचा ख पूर्ण वाजवायचा. दुसरं म्हणजे सुरुवातीचा ब आपल्याला प सारखा ऐकू येतो. त्याची फार काळजी करू नका, समोरच्या अमेरिकन माणसाला तो बहुतेक वेळा ब म्हणूनच ऐकू जातो, आपला मराठी कान इथे जरा जास्तच तिखट आहे. तिसरी अडचण सगळ्यात महाग पडणारी आहे, ते अ च्या जागी आ करतात. आणि अमेरिकन माणूस ‘बॉक्स’ कसा म्हणतो? जवळजवळ बाक्स. म्हणजे ‘फाइव्ह बक्स’ म्हणायला जावं आणि समोरच्याला पाच खोकी ऐकू यावीत.

निंगबोच्या त्या विद्यार्थिनीला मी एकच वाक्य दिलं होतं, ‘टेन बक्स अ बॉक्स’. तोंडासमोर हात धरायचा, बक्सला जबडा जेमतेम उघडायचा आणि आवाज तोडून टाकायचा, बॉक्सला जबडा खाली सोडायचा आणि आवाज लांबवायचा. पहिल्या दिवशी दोन्ही शब्द सारखेच येत होते. मी तिला आरशासमोर बसवलं, हनुवटीवर बोट ठेवायला लावलं, बक्सला बोट हललं तर चूक. चौथ्या दिवशी तिने व्हॉइस मेसेज पाठवला आणि मला डोळे मिटून दोन्ही शब्द वेगळे ऐकू आले.

आपल्याला हा अ अगदी फुकटात मिळालाय, बकरातला रा काढला की इंग्रजी बकचा उच्चार झाला. (बकऱ्याचं आणि या बकचं नातं जोडायला जाऊ नका, साम्य नुसतं आवाजाचं आहे.) म्हणून टीचर म्हणून स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवा आणि रेकॉर्ड करून द्या.

शेवटच्या क वर उपाय असा की तो एकटा म्हणायलाच लावायचा नाही, पुढच्या शब्दाला चिकटवायचा. ‘अ बक अ पीस’ एका दमात म्हटलं की क ला पुढचा स्वर आपोआप मिळतो आणि जास्तीचा ख गळून पडतो. आधी पुढे स्वर असलेली वाक्यं, मग एकटा बक.

पाच बक की पाच बक्स

चिनीत अनेकवचनाची भानगड नाही, एक ख्वाय, पाच ख्वाय, पाचशे ख्वाय, शब्द तोच. त्यामुळे ‘फाइव्ह बक’ हे येणारच. नुसतं स लावा स लावा म्हणून उपयोग होत नाही, मी त्यांना तीन शब्द शेजारी शेजारी ठेवून दाखवते. बकला स लागतो, टेन बक्स. ब्रिटिश क्विडला लागत नाही, टेन क्विड. हजाराला बोलताना ‘ग्रँड’ म्हणतात त्यालाही लागत नाही, टेन ग्रँड. म्हणजे क्विड आणि ग्रँड चिनी वळणाचे आणि बक इंग्रजी वळणाचा, असं ते स्वतःच म्हणायला लागतात. फक्त वस्तूच्या आधी विशेषण म्हणून आला की स जातो, ‘अ ट्वेंटी-बक टी-शर्ट’.

आता एक चूक जी मी पहिली दोन वर्षं पकडूच शकले नाही. चिनीत दीड युआनला म्हणतात ‘ई ख्वाय ऊ’, शब्दशः एक ख्वाय पाच, शेवटचा माओ बोलायचाच नाही. इंग्रजीतही अशीच काटछाट आहे, दीड डॉलर म्हणजे ‘अ बक फिफ्टी’, सेंट बोलायचंच नाही. सवय तीच असल्यामुळे चिनी माणूस अगदी आत्मविश्वासाने म्हणतो ‘अ बक फाइव्ह’. आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं एक डॉलर पाच सेंट! एका नगाला पंचेचाळीस सेंटचा फरक, दहा हजार नगांना साडेचार हजार डॉलर. चेंगदूचा एक अकाउंटंट हे म्हणायचा, मला वाटायचं की त्याला खरंच १.०५ म्हणायचंय, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर होतं. एकदा मी त्याला आकडा लिहून दाखवायला सांगितला तेव्हा उलगडा झाला.

म्हणून किमतीचा सराव नेहमी लिहून आणि बोलून, दोन्ही एकदम. त्याने आकडा लिहायचा, मग बोलायचं, मग तुम्ही आकडा बोलायचा आणि त्याने लिहायचं. १.५०, १.०५, २.२५, ३.८०, एवढे चार पुरतात. नियम एकच सांगा, चिनीत ख्वायनंतर माओचा आकडा बोलतात, इंग्रजीत बकनंतर सगळ्या सेंटचा आकडा बोलतात.

‘अ मिलियन बक्स’ला मराठी टीचरचा फायदा

‘यू लुक लाइक अ मिलियन बक्स’ म्हणजे आज एकदम झकास दिसतोयस. अर्थ सोपा आहे, अडतो तो मिलियन. चिनी मोजणी चार-चार शून्यांनी चालते, दहा हजाराला वान, मिलियनला ‘ई पाय वान’ म्हणजे शंभर वान, आणि दहा कोटींना ई, हा ई एकवाला नाही, सूर वेगळा असतो. इंग्रज टीचर इथे नुसता बघत राहतो. आपण मात्र रोज दोन मोजण्यांमध्ये उड्या मारत असतो, मिलियन ऐकला की डोक्यात दहा लाख होतात, त्यामुळे ही कसरत काय असते ते आपल्याला आतून माहीत आहे. त्यांना लाख दाखवा! एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान. आपल्या भाषेतही मिलियन नाही हे कळलं की त्यांचं ओझं उतरतं, आणि मुंबईच्या बोलीत लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात हे सांगितलं तर ते वहीत लिहून घेतात.

वाक्प्रचार, पण थोडेच

‘मेक अ क्विक बक’ पहिला घ्या, कारण तो तयार आहे. चिनीत झटपट पैशाला म्हणतात ‘ख्वाय छ्येन’, छ्येन म्हणजे पैसा आणि हा ख्वाय म्हणजे जलद, युआनवाला नव्हे, उच्चार तोच पण अक्षर वेगळं. छटाही जुळते, दोन्हीकडे थोडी नाराजी आहे, फारसं कष्ट न करता, कधी कधी लबाडीने मिळवलेला पैसा. याउलट ‘ॲन ऑनेस्ट बक’ म्हणजे घामाचा पैसा. स्वतःच्या कंपनीबद्दल इंटरव्ह्यूमध्ये ‘वी मेक क्विक बक्स’ म्हणू नका एवढं आवर्जून सांगा, त्यांना वाटतं की आपण कार्यक्षमतेचं कौतुक करतोय.

‘बँग फॉर द बक’ला आपला शब्द पैसा वसूल, त्यांचा शब्द शिंगच्यापी, म्हणजे गुणवत्ता आणि किंमत यांचं प्रमाण, चीनमध्ये मोबाइल घ्यायचा असो की हॉटेलात जेवायचं असो, हा शब्द येतोच. बँग म्हणजे धमाका, आणि हा धमाका खरोखर बॉम्बचा होता, १९५० च्या दशकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात कमी खर्चात जास्त मारा म्हणून अण्वस्त्रांवर भर द्यायचं धोरण आलं तेव्हा हा प्रयोग गाजला. वाक्यात ‘गेट मोअर बँग फॉर युवर बक’ असा येतो, इथे बक एकवचनीच राहतो, स लावायची नुकती लागलेली सवय इथे आवरावी लागते.

आता ‘पास द बक’. माझा सगळ्यात आवडता तास हाच. आधी सांगून टाका की हा बक डॉलर नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर खेळताना पत्ते वाटायची पाळी ज्याची त्याच्यासमोर एक खूण ठेवत, तिला बक म्हणत, ती हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू असायची असं सांगतात. वाटायचं नसेल तर खूण पुढच्याकडे सरकवायची. म्हणून पास द बक म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं. गंमत बघा, चिनी इंटरनेटवर डॉलरला ताओ म्हणतात, डॉलरच्या पहिल्या आवाजावरून, आणि ताओ म्हणजे चाकू, वर जुन्या चीनमध्ये छी आणि येन या राज्यांत चाकूच्या आकाराची नाणीही चालायची. या तिन्ही चाकूंचा एकमेकांशी काही संबंध नाही हे स्पष्ट सांगा, पण आठवणीसाठी याहून चांगली खुंटी मिळणार नाही.

मग विचारा, तुमच्या ऑफिसात असं झालं तर काय म्हणता? दोन उत्तरं येतात. एक, ‘थी फीछ्यौ’, चेंडू लाथाडणे, तुमची फाइल या टेबलवरून त्या टेबलवर फिरत राहते तेव्हा. ही तर आपली टोलवाटोलवी! दुसरं नव्या पिढीचं, ‘श्वाय क्वो’, म्हणजे कढई भिरकावणे, स्वतःच्या चुकीचं भांडं दुसऱ्यावर फेकणे, आणि ज्याच्या पाठीवर ते येतं तो ‘पेय क्वो’, कढई वाहतो. आपण खापर फोडतो, ते कढई फेकतात. स्वयंपाकघरातली वस्तू दोन्हीकडे निघालीच. मी हे पहिल्यांदा शेन्झेनच्या एका विद्यार्थ्याला सांगितलं, खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा आणि तो दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात, तर त्याने कॅमेऱ्यासमोर खरंच स्वयंपाकघरातून कढई आणून दाखवली.

इथे बारीक फरक करायला शिकवा. पास द बक हा टोलवाटोलवीच्या जवळ आहे, निर्णय घ्यायला नको म्हणून पुढे ढकलणं. झालेल्या चुकीचा ठपका थेट दुसऱ्यावर ठेवायचा असेल तर ‘शिफ्ट द ब्लेम’ जास्त नेमकं बसतं. बहुतेक पुस्तकं कढई आणि चेंडू दोन्हीला पास द बक देऊन मोकळी होतात.

यालाच जोडून ‘द बक स्टॉप्स हिअर’. अमेरिकेचे ३३ वे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या टेबलावर या शब्दांची पाटी होती, ओक्लाहोमातल्या एल रेनो इथल्या सुधारगृहात बनवलेली, ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना पाठवलेली. मागच्या बाजूला ‘मी मिसुरीचा’ असं लिहिलेलं होतं. अर्थ असा की इथून पुढे टोलवायला जागा नाही, शेवटची जबाबदारी माझी. विद्यार्थ्याकडून हे वाक्य ‘मी’ लावून म्हणून घ्या, ‘आय ॲम द टीम लीड, सो द बक स्टॉप्स विथ मी’. परदेशी कंपनीच्या इंटरव्ह्यूमध्ये हे शोभून दिसतं.

क्रियापदाचा बक पटकन उरका. घोडं पाठीची कमान करून स्वाराला उडवून लावतं ते बक, त्यावरून ‘बक द ट्रेंड’, बाजार पडत असताना एखादा शेअर वर जाणं. शेअर बाजारात रस असणाऱ्याला चिनी ‘नीशर’, म्हणजे प्रवाहाच्या उलट, एवढं सांगितलं की पुरतं. ‘बक अप’ म्हणजे हुरूप धर, पण वरच्याने खालच्याला म्हटलं तर दटावल्यासारखं वाटू शकतं. आणि माणसाला बक म्हणायला कधीच शिकवू नका, गुलामगिरीच्या काळात अमेरिकेत काळ्या पुरुषांना आणि मूळ रहिवाशांना हिणवायला हा शब्द वापरला गेलाय, हे पूर्ण गांभीर्याने सांगा.

घरचा अभ्यास म्हणून मी दोनच गोष्टी देते. आपल्या शहरातल्या दहा वस्तूंच्या किमती डॉलरमध्ये बदलून व्हॉइस मेसेजवर बोलायच्या, आणि ऑफिसातली एक खरी कढई फेकल्याची गोष्ट इंग्रजीत सांगायची, नावं न घेता. निंगबोची ती विद्यार्थिनी एरवी तीन वाक्यांत थांबते. या गोष्टीला ती अकरा मिनिटं बोलली, गोदामाने पॅकिंगवर ढकललं, पॅकिंगने वाहतुकीवर, आणि शेवटी ग्राहकाला फोन तिनेच केला. ‘सो द बक स्टॉप्ड विथ मी’, ती म्हणाली, क अगदी स्वच्छ तोडून.